घरी बनवलेल्या एलईडी दिव्याला पंखा जोडताना

समजा, व्हाइटफील्डमधील आपल्या खोलीत छायाचित्रणासाठी तुम्ही १०० वॅटचा सीओबी एलईडी दिवा बनवत आहात. सीओबी म्हणजे एकाच पट्टीवर दाटीने बसवलेल्या अनेक एलईडींचा संच. तो हीट सिंकवर बसवला आणि मागे १२ व्होल्टचा पंखा लावला. आता विचारायचा प्रश्न एकच: पंखा बंद पडला तर काय होईल?

१. उष्णतेचे गणित

१०० वॅटपैकी सुमारे ६५ वॅट उष्णतेत जातात असे धरू. हीट सिंकचा उष्णतारोध पंख्यासह ०.४ आणि पंख्याविना २ अंश सेल्सिअस प्रति वॅट मानू. खोलीचे तापमान ३० अंश असेल, तर हीट सिंकचे तापमान:

पंखा चालू: ३० + (६५ × ०.४) = ५६ अंश
पंखा बंद: ३० + (६५ × २) = १६० अंश

नागपूरच्या उन्हाळ्यात खोली ४२ अंशांवर असली, तर पहिला आकडा ६८ होतो. व्हाइटफील्डला उकाडा कमी. पण ते समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तिथली हवा सुमारे दहा टक्के विरळ असते आणि तोच पंखा थोडी कमी उष्णता वाहून नेतो. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते. १६० अंशांच्या धातूला टेकले तर ते मऊ होऊन आतले तांबे उघडे पडू शकते.

२. पंख्याला वीज कुठून द्यावी?

एलईडी ड्रायव्हर स्थिर विद्युतप्रवाह देतो, उदाहरणार्थ ३ अँपिअर. व्होल्टता ३० ते ३६. पंखा एलईडीच्या समांतर जोडला तर त्याला ३० व्होल्टहून अधिक मिळतील. एकसरीत जोडला तर त्यातून ३ अँपिअर जातील. दोन्हींत तो जळेल. म्हणून पंख्यासाठी १२ व्होल्टचा वेगळा, विलगित अडॅप्टर घ्या. ड्रायव्हर आणि अडॅप्टर एकाच स्विचवर ठेवा.

३. तापमान-कटआउट

७५ अंशांना उघडणारा, २५० व्होल्टसाठी योग्य कटआउट सीओबीजवळ हीट सिंकवर घट्ट बसवा. तो फक्त ड्रायव्हरच्या फेजमध्ये जोडा. हाताने रीसेट होणारा प्रकार बरा: दिवा विझलेलाच राहतो आणि बिघाड लपत नाही.

४. फ्यूज आणि अर्थिंग

स्विचआधी फेजमध्ये २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला. हीट सिंक आणि धातूची पेटी तीन पिनी प्लगच्या अर्थला स्क्रूने जोडा. स्वस्त, अविलगित ड्रायव्हरचा ३० व्होल्टचा टोकसुद्धा २३० व्होल्टच्या मेन्सशी थेट जोडलेला असतो. त्याला हात लावल्यास जीव जाऊ शकतो. असा ड्रायव्हर वापरू नका.

५. चाचणी

शिक्षकांच्या देखरेखीखाली, ३० मिलिअँपिअर आरसीसीबी असलेल्या बोर्डवर चाचणी घ्या. प्लग काढलेला असताना पंख्याची वायर सोडवा, मग दिवा लावून तापमापीवर लक्ष ठेवा. ८५ अंशांपर्यंत दिवा आपोआप विझला नाही, तर स्विच बंद करा. ती जोडणी वापरण्याजोगी नाही.

स्वाध्याय: कटआउट ड्रायव्हर आणि अडॅप्टर यांच्या सामाईक फेजमध्ये बसवला, तर दिवा विझल्यावर हीट सिंक थंड होण्यास लागणाऱ्या वेळेवर काय परिणाम होईल?