पॅराशूटची घडी घालायलाही परीक्षा असते. तयारी नेमकी कशाची करायची?

मुलचेरा : पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दिसली की ती भरतीची तयारी करत आहेत, हे वेगळं विचारावं लागत नाही. गोमणी, लगाम, सुंदरनगर, कुठेही जा, हेच चित्र. पण सैन्यात आणि विमानाच्या दुनियेत एक असंही काम आहे, ज्याचं नाव इकडे फारसं कुणाच्या तोंडी नाही. पॅराशूट तपासायचं, दुरुस्त करायचं आणि घडी घालून पिशवीत भरायचं. हे काम करणाऱ्याला रिगर म्हणतात.

घडी घालण्यात एवढं काय, असं वाटेल. नदीवर फेकजाळं मारणाऱ्याला विचारा. जाळं हातावर नीट घेतलं तर पाण्यावर गोल पसरतं, एक वेटोळं चुकलं तर गाठोड्यासारखं धपकन पडतं. पॅराशूटचं तसंच आहे. फरक इतकाच, जाळं चुकलं तर मासा जातो, इथं माणूस जातो. आणि घडी घालणारा एक, उडी मारणारा दुसरा. उडी मारणाऱ्याला आतली घडी दिसत नाही.

11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेश युद्धात टांगाईलजवळ 2 पॅरा ही पलटण विमानातून उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. 700 च्या आसपास जवानांनी उड्या मारल्या. त्यातलं प्रत्येक पॅराशूट आधी कुणीतरी जमिनीवर बसून भरलं होतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. उडी मारणाऱ्याचा फोटो छापून येतो, घडी घालणाऱ्याचा येत नाही.

या कामाचं सर्वांत माहीत असलेलं प्रमाणपत्र अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं आहे. त्याचे नियम पाहिले की कामाचा अंदाज येतो. वय 18 पूर्ण पाहिजे. इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आलं पाहिजे. ज्या प्रकारच्या पॅराशूटची परवानगी हवी, त्या प्रकारची किमान 20 पॅराशूट जाणकाराच्या देखरेखीत भरलेली पाहिजेत. मग लेखी परीक्षा, पास व्हायला 70 टक्के गुण. त्यानंतर तोंडी आणि प्रात्यक्षिक. हा पहिला टप्पा. मोठ्या दुरुस्तीचा अधिकार हवा असेल तर वरचा टप्पा असतो. त्यासाठी 3 वर्षांचा अनुभव आणि दोन प्रकारची प्रत्येकी 100 पॅराशूट भरल्याचा पुरावा लागतो.

लेखीसाठी त्या खात्याचं हँडबुक इंटरनेटवर फुकट मिळतं. चित्रं भरपूर आहेत, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी हळूहळू उमगतं. पण पुस्तक पाठ करून हात तयार होत नाही. परीक्षक समोर उभा राहून विचारतो, ही शिवण अशी का, इथं कापड का बदललं, हा डाग कसला. नायलॉनला ऊन खातं, ओल लागली तर बुरशी धरते, बॅटरीचं ॲसिड सांडलं तर कापड दिसायला चांगलं पण आतून कुजलेलं. धान्याच्या पोत्यासारखं उंदराचंही भय आहेच. म्हणून आधी तपासणी, मग घडी.

घडीचा क्रम ठरलेला असतो. दोऱ्या एकमेकींत अडकल्या नाहीत ना, हे छत्रीपासून पट्ट्यापर्यंत हात फिरवून बघायचं. दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडाचा एक चौकोनी तुकडा छत्री दमानं उघडू देतो. तो वर नीट चढवला नाही तर उघडतानाच असा झटका बसतो की कापड फाटतं. पिशवी बंद करण्याआधी आणि केल्यावर हत्यारं मोजायची. एखादी पिन किंवा दोरी आत राहिली तर पॅराशूट उघडणारच नाही. मोजणीची ही सवय ज्याला नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये.

त्या नियमांत मुख्य पॅराशूट उडी मारणारा स्वतः भरू शकतो. राखीव मात्र प्रमाणपत्रवाला रिगरच भरतो. भरल्यावर त्याचं स्वतःचं सील लागतं, कार्डावर तारीख आणि सही होते. म्हणजे काही झालंच तर नाव सापडतं. नायलॉनचं राखीव पॅराशूट 180 दिवसांच्या आत भरलेलं पाहिजे, नाहीतर उघडून पुन्हा तपासून भरायचं, एकदाही वापरलं नसलं तरी.

आपल्या पोरापोरींसाठी वाट कोणती? आपल्याकडे हे काम प्रामुख्यानं लष्कर आणि हवाई दलात चालतं, आणि ते भरती झाल्यावर शिकवलं जातं. भरतीआधी पैसे घेऊन 'रिगरचं सर्टिफिकेट आणि पक्की नोकरी' देतो म्हणणारा भेटला तर, प्रमाणपत्रावर कोणत्या सरकारी खात्याची सही असते, एवढंच विचारायचं. उत्तर देताना तो अडखळला की उठून यायचं. भरतीनंतर कोणतं काम मिळेल हे दल ठरवतं, एजंट नाही.

पॅराशूट शिवण्याचा सरकारी कारखाना कानपूरला 1941 पासून आहे. 2021 पासून तो ग्लायडर्स इंडिया या कंपनीत आहे. आयटीआयला शिवणकाम शिकणाऱ्या मुलींनी तिथल्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवायला हरकत नाही. पिको-फॉलच्या मशीनवर जी झिगझॅग शिवण आपण बघतो, ती पॅराशूटच्या कामातही लागते. सरळ शिवण एकसारखी येणं ही पहिली पायरी.

हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीत विज्ञान गटासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी लागतं. एकूण 50 टक्के आणि इंग्रजीत वेगळे 50 टक्के. कला शाखेच्या मुलांनाही दुसऱ्या गटातून अर्ज करता येतो, पण इंग्रजीची अट तिथंही तीच. लेखीत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे अंदाजपंचे टिकमार्क करू नये. 1.6 किलोमीटर धावायचंही असतं. त्याची चिंता इकडच्या पोरांना नाही, अडकतात ती इंग्रजीत. बारावीला बसणाऱ्यांनी आतापासून रोज इंग्रजीचं एक पान मोठ्यानं वाचावं, आणि जाहिरात निघाली की वयाची तारीख सर्वांत आधी तपासावी.