टाचणीची भोकं

लॉबी कार्ड हातात घेतलं की आधी चित्र बघायचं नाही. आधी चारी कोपरे, मग खालची कड, मग उलटं करून पाठ. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या स्मिथफील्डजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी हे शिकले. आम्ही मराठी माणसं रालेच्या आसपास बरीच आहोत, पण तासाभराच्या आत असलेलं हे गाव हॉलिवूडची नटी एव्हा गार्डनर हिचं आहे, हे माझ्या कितीतरी उशिरा ध्यानात आलं.

टेबलावर एव्हाच्या ‘भोवानी जंक्शन’ या चित्रपटाची 1956 सालची कार्डं होती. 11 इंच बाय 14 इंच, जाडसर कागद, एका संचात आठ. थिएटरच्या लॉबीत टाचण्या मारून लावायची, खेळ उतरला की काढायची आणि पुढच्या गावी पाठवायची. कोपऱ्यांतली भोकं त्या प्रवासाची. बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. खालच्या कडेला बारीक अक्षरांत 56, तिरकी रेघ, पुढे आकडा. 1940 पासून बहुतेक स्टुडिओंचं प्रसिद्धीचं साहित्य नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी वाटत असे. पहिले दोन आकडे सालाचे, पुढचा क्रमांक चित्रपटाचा. सालाआधी ‘आर’ दिसला तर चित्रपट पुन्हा लागला तेव्हाची ती छपाई, आणि तिची किंमत सहसा कमी. मग अक्षरांच्या कडा बघायच्या. चित्र ठिपक्यांचं असतं, अक्षरं भरीव असतात. जुन्या कार्डाचा फोटो काढून कुणी नक्कल छापली असेल तर अक्षरंही ठिपक्यांत फुटलेली दिसतात.

एका कार्डावर एव्हा साडीत होती. गोष्ट 1947 च्या भारतातली, चित्रीकरण मात्र लाहोरला झालेलं. “पदर असाच घेतात का?” बाईंनी विचारलं. मी ओढणी खांद्यावरून घेऊन दाखवलं, एकदा चापूनचोपून, एकदा मोकळी. त्यांनी दोन्ही प्रकार वहीत लिहून घेतले, कार्डाच्या क्रमांकासकट.

हा सगळा खटाटोप कुणासाठी? 24 डिसेंबर 1922 रोजी इथल्याच ग्रॅबटाउन वस्तीत, तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलीसाठी. न्यूयॉर्कला मेव्हण्याच्या फोटो स्टुडिओच्या काचेत तिचा फोटो लागला आणि त्यातून 1941 मध्ये एमजीएम स्टुडिओचा करार झाला. ‘द किलर्स’ 1946 चा, ‘मोगँबो’ 1953 चा. या दुसऱ्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, एकुलतं एक. पण ज्या स्टुडिओनं तिला घडवलं, त्यानं 1970 मध्ये आपले पोशाख आणि सामान लिलावात काढलं. पोस्टरांची पत्रास तर कुणालाच नव्हती.

जे उरलं ते चाहत्यांमुळे. टॉम बँक्स बारा वर्षांचा असताना विल्सन गावच्या कॉलेजातल्या मुलींच्या खोड्या काढायचा. त्यांतल्या एकीनं, एव्हानं, त्याच्या गालाचा मुका घेतला. पुढे तिचा फोटो त्याला वर्तमानपत्रात दिसला आणि तो जमवायला लागला, तो आयुष्यभर. एव्हाची आई ज्या घरात शिक्षिकांची खाणावळ चालवायची, ते ब्रॉगडेनचं घर विकत घेऊन त्यानं तिथे संग्रहालय मांडलं. 1989 मध्ये तो गेला आणि त्याच्या पत्नीनं सारा संग्रह स्मिथफील्डला दिला. नेदरलँड्सचे चित्रकार बर्ट फायफर यांनी काढलेली एव्हाची चित्रंही तिथेच आली. जानेवारी 1990 मध्ये लंडनला वारलेली एव्हा पुरली गेली तीही याच गावात. आजचं संग्रहालय मार्केट स्ट्रीटवर आहे. एका मुलाच्या गालावरून सुरू झालेलं हे काम मला कुठल्याही सरकारी स्मारकाहून थोर वाटतं.

बाईंकडे ‘मोगँबो’चं मोठं पोस्टरही आहे, 27 बाय 41 इंच. अशी पोस्टरं घड्या घालूनच पाठवत, त्यामुळे घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कागद आधी फाटतो. हे त्यांनी कारागिराकडून नीट करून घेतलं: धुऊन आम्ल काढायचं, पाठीला पातळ जपानी कागद, त्यामागे चौकटीवर ताणलेला कॅनव्हास, दोन्ही गव्हाच्या खळीनं चिकटवायचे आणि ताणातच वाळू द्यायचं. खळच का, तर ती पाण्यानं पुन्हा सुटते. उद्या कुणाला हे सगळं काढावंसं वाटलं तर काढता येतं. मग घडीच्या जागी गेलेला रंग बारीक कुंचल्यानं भरायचा.

कार्डांची भोकं मात्र बुजवायला त्यांचा ठाम नकार आहे. बुजवली तर भाव वाढेल, असं त्यांना एका विक्रेत्यानं सुचवलं होतं. “फाटणारा कागद वाचवायचा, वापरलेला कागद नवा करायचा नाही,” त्या म्हणाल्या. मला हे शंभर टक्के पटतं. भोकांसह कार्ड बघताना कुठल्याशा गावात शिडीवर चढून ते लावणारा माणूसही त्यात येतो.

बाईंकडे आठांपैकी सातच कार्डं आहेत, तीन नंबरचं नाही. ते मिळालं की पूर्ण संच संग्रहालयाला द्यायचा, आणि नाहीच मिळालं तरी ही सात सुटी विकायची नाहीत, असं त्यांनी मुलीला लिहून दिलं आहे.