दुष्काळ, पश्चात्ताप आणि विसरलेला ठेवा

करावे गावापासून बेलापूरचा किल्ला फार दूर नाही. तो एके काळी पोर्तुगीजांच्या हाती होता, एवढे आपणांस ऐकून ठाऊक असते. त्यामुळे ख्रिस्ती धर्म म्हटला की तट, तोफा आणि परका अंमल हेच डोळ्यांपुढे उभे राहते. ही आठवण खोटी नव्हे; पण ती अपुरी आहे, असे आम्हांस वाटते. आज आपण त्या धर्मातील एका विचाराची ओळख करून घेऊ. देशावर आपत्ती कोसळली म्हणजे माणसाने काय करावे?

आपत्ती आली की प्रथम अपराधी शोधण्याची घाई होते. कोणाच्या पापाने पाऊस गेला, कोणामुळे साथ आली, असे विचारताना बोट नेहमी शेजाऱ्याकडे वळते. लूकच्या शुभवर्तमानात याविषयी एक प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली. मेलेले इतरांहून अधिक पापी होते काय? येशूने याला स्पष्ट नकार दिला, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगितले. संकटावरून दुसऱ्याचा न्याय करू नये, स्वतःचा हिशेब पाहावा, हे या शिकवणीचे मर्म होय.

परंतु पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारी हळहळ एवढेच नव्हे. यहुदी शास्त्रात या अर्थी येणाऱ्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'मागे फिरणे' असा आहे. नव्या करारातील ग्रीक शब्द 'मन पालटणे' असे सुचवितो. वाट चुकलेल्याने नुसते रडून भागत नाही, त्याने पावले वळवावी लागतात. योनाच्या कथेत निनवे नगराचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. पश्चात्तापाचा आरंभ थोरांपासून व्हावा, हा त्यातील बोध कोणत्याही काळी विसरण्याजोगा नाही.

असा पश्चात्ताप आपल्या मुलखातही कृतीत उतरला आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातील उपासमारीने गेली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावच्या 'मुक्ती' आश्रमात त्यांना आसरा मिळाला. १९०० च्या सुमारास तेथे हजारोंच्या पंगती बसत. याच आश्रमात १९०५ साली प्रार्थना व पश्चात्तापाची मोठी लाट उसळली. क्रम ध्यानात घ्यावा: आधी अन्न, मग अश्रू.

आता ठेव्याविषयी. १६१६ साली गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत ख्रिस्तकथा सांगितली. मग ते आपल्या विस्मरणात का गेले? त्याचे एक उत्तर ख्रिस्ती सत्तेच्याच दप्तरात आहे. १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी गोव्यातील लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ज्या धर्माने ओवी हाती घेतली, त्याच धर्माचे नाव घेणाऱ्यांनी त्या ओवीची जीभ छाटली. ग्रंथ हस्तलिखितांच्या आधारे तगला. १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती काढली.

तेव्हा पश्चात्तापाचा नियम ख्रिस्ती घरालाही लागू आहे. त्या अंमलातील अन्याय मान्य करणे आणि त्याच काळातील ओवी पुन्हा वाचणे, ही दोन्ही एकाच वळणाची पावले आहेत. उरलेल्या आपणांसही यात वाटा आहे. 'क्रिस्तपुराण' मराठीत आहे, रमाबाई मराठी होत्या. मग परक्यांचे म्हणून त्यांना दाराबाहेर कसे ठेवावे?

पुढच्या संकटात आपले बोट कोणाकडे वळेल, यावरून आपण काय शिकलो ते कळेल. बेलापूरचा तट ढासळत चालला आहे. ओव्या मात्र अजून वाचता येतात.