लिंबू-टिंबूचा डाव

पौडच्या एसटी थांब्यावर चार मुलं एका मोबाइलवर वाकली होती. हरलेला चिडून म्हणाला, "त्याने पैसे भरलेत रे, म्हणून जिंकतोय!" मी तिथेच थबकलो. गेम फुकटातला होता. मग हे पैसे कुठून आले?

गल्लीत खेळताना अगदी लहान पोराला आपण लिंबू-टिंबू म्हणतो. त्याला खेळू देतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. फुकट गेममध्ये पैसे न भरणारा लिंबू-टिंबूच असतो, पण राज्य मात्र नेमकं त्याच्यावरच येतं. अशा गेममध्ये बहुतेक जण कधीच काही विकत घेत नाहीत. मोठा खर्च मूठभरांचा असतो आणि धंद्यात त्यांना 'व्हेल', म्हणजे देवमासे म्हणतात. त्यांना हरवायला आणि मिरवायला समोर गर्दी लागते. ती गर्दी म्हणजे आपण.

ही रचना किती बारकाईने केलेली असते ते पाहून मी थक्क होतो. गेममधल्या दुकानात वस्तूंवर रुपये दिसतच नाहीत. आधी रुपये देऊन हिरे घ्यायचे, मग हिऱ्यांनी तलवार. तलवार ८० हिऱ्यांची आणि पाकीट १०० हिऱ्यांचं, असा हिशेब असतो. उरलेले २० हिरे पुढच्या खरेदीसाठी खुणावत राहतात. आत काय आहे ते न कळता विकत घ्यायच्या बंद पेटीची गंमत तर प्रयोगशाळेतली. मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७च्या ग्रंथात कबुतरांवरचे प्रयोग मांडले. किती चोची मारल्यावर दाणा पडेल हे ठरलेलं नसलं, की पक्षी थांबायचं नावच घेत नाही. पेटीत काय निघेल हे न कळणं म्हणजे तोच दाणा. बेल्जियमने २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा पेट्या सरळ जुगारात धरल्या.

तरी पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खुपते. "आठ तास थांबा किंवा हिरे द्या" असं गेम म्हणतो, तेव्हा ते आठ तास कुणीतरी मुद्दाम घातलेले असतात. खेळात रंगत आणायची ज्याची कला, त्यालाच इथे आधी कंटाळा घडवावा लागतो, मग त्यावरचा उतारा विकावा लागतो.

सगळेच गेम असे नसतात. काही गेम फक्त पोशाख विकतात, त्याने जिंकता येत नाही. आणि फुकट दार नसतं, तर पौडच्या त्या मुलांना गेम मिळालाच नसता, हेही खरंच.

गेम एकदाच विकायचा किंवा फुकट द्यायचा, या दोन्ही वाटा पुण्यातल्याच कंपन्यांनी धरल्या आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. एकदा पैसे मोजायचे आणि पूर्ण कथा आपली. सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तो डाउनलोड करायला फुकट. 'राजी' काही तासांत संपतो. त्याच्या कर्त्यांनी शेवट रचला आहे, कारण त्या गेममध्ये नंतर काही विकायचं नाही. फुकट गेमला शेवट परवडत नाही, त्याचं दुकान उघडं राहावं लागतं.

एसटी आली. मुलं चढली. हरलेल्याने खिडकीतून मोबाइल दाखवत मित्राला ओरडून सांगितलं, "सीझन संपायला दोनच दिवस राहिलेत!"