चेहरे परत आले, नावे नाहीत

आमच्या वस्तीतल्या माणसांचा इतिहास कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. तो पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत आणि बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचलेल्या फोटोंत आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणून हे काम माझे, असे समजून मी दोन वर्षे घरोघर फिरलो, मोबाइलने फोटोंच्या प्रती काढल्या आणि त्या एका हार्ड डिस्कवर साठवल्या. एका रात्री फोटो उतरत असतानाच मी घाईने वायर ओढली. सकाळी संगणकाने सांगितले : डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करा.

मी फॉरमॅट केले नाही, म्हणूनच हे लिहू शकतो आहे. आपल्या अनेक कार्यकर्त्यांकडे चळवळीचे फोटो असेच एका डिस्कवर पडून आहेत. तेव्हा ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

डिस्क हे ग्रंथालय मानले, तर फाइल सिस्टिम ही त्याची सूची. सूची फाटली तरी पुस्तके कपाटातच असतात; कोणते कुठे आहे, हे सांगणारे मात्र कोणी उरत नाही. फॉरमॅट करणे म्हणजे जुनी सूची टाकून कोरी ठेवणे. विंडोजमधला पूर्ण फॉरमॅट तर पुस्तकेही पुसून टाकतो. म्हणून पहिला नियम असा की, बिघडलेल्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. तिच्यातून टकटक आवाज येत असेल तर ती चालूच करू नये, जाणकाराकडे न्यावी.

दुसरा नियम : आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढावी. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो. ही प्रत ठेवायला तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क लागते. पुढचे सारे प्रयोग या प्रतीवर करावेत.

त्यानंतर टेस्टडिस्कने सूची सांधते का पाहावे. सांधली, तर फोल्डर आणि फाइलींची नावेही मिळतात. माझी सांधली नाही. मग फोटोरेक वापरला. तो सूचीकडे पाहतच नाही. फाइलीच्या आरंभावरून तिची जात ओळखतो. जेपीईजी फोटोचा आरंभ नेहमी एफएफ, डी८, एफएफ असाच असतो. फोटोचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असले, तर तो अर्धाच हाती लागतो.

माझे बहुतेक फोटो परत आले. पण नावांच्या जागी नुसते आकडे होते. कोण, कुठले, केव्हाचे, हे सारे मी अल्बमच्या प्रोग्राममध्ये टिपले होते. तो ही माहिती फोटोत नव्हे, स्वतःच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवत होता आणि तोच मोडला होता. फोटोच्या आत तारीख शिल्लक होती, पण ती माझ्या मोबाइलने टिपल्याची. नामांतराच्या मोर्चाची नव्हे.

त्या मोर्चाच्या फोटोत माझी आजी आहे आणि आणखी चार बाया. त्यांची नावे शेजारच्या म्हातारीने मला सांगितली होती. मी पुन्हा तिच्या दारात गेलो, तेव्हा ती राहिली नव्हती. दोन नावे इतरांकडून मिळाली. दोन अजून मिळालेली नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षा सोहळ्याचे फोटो आपण पाहतो. त्यातल्या अथांग गर्दीतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? ती इतरांनी लिहिली नाहीत, अशी आपली तक्रार असते आणि ती खरीही आहे. पण या वेळी नावे माझ्याच हातून गेली.

आता मी नाव, गाव आणि साल फोटोच्या फाइलीतच, आयपीटीसीच्या मथळ्याच्या रकान्यात लिहितो. ते फाइलीबरोबर जाते. शिवाय एका वहीत शाईने लिहितो. फोटोंच्या तीन प्रती ठेवतो, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आपल्याकडे असे फोटो असतील, तर डिस्क विकत घेण्याआधी वही घ्या आणि म्हाताऱ्या माणसांकडे आजच जा.