पोराची किंमत किती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांची बोली लागली. तेव्हापासून आकुर्डीतले पालक मला विचारतात, "सर, आमच्या बाळ्याचं काय हो?"

वाचकहो, मी नेहरूनगरच्या मैदानावर पोरं निवडायला बसतो. नजर आधी दांडग्या पोरांवरच जाते. पण चौदाव्या वर्षीची उंची फसवी! चेंडू निसटल्यावर पोरगा मागं धावतो की सोबत्यावर ओरडतो, खरी परीक्षा तीच.

परवा एका काटकुळ्या, पण मागं धावणाऱ्या पोराला मी वगळलं. रात्री धनराज पिल्ले आठवले. इथल्याच खडकीत मोडक्या स्टिकनं शिकले नि चार ऑलिंपिक खेळले. झोप लागेना. सकाळी उठून पहिली यादी फाडली.