कोलांटउडीचा पोशाख : शिवणाऱ्यांना काम

यवतमाळात मुलांच्या व्यायामशाळेत गर्दी वाढते आहे, पण कोलांटउड्यांचा पोशाख इथे कोणी शिवत नाही. आम्ही एकदा मागावरचे सुती कापड दिले. पहिल्याच उडीत उसवले. चूक आमचीच. मागावरचे कापड ताणत नाही, लायक्रा मिसळलेली होजियरी ताणते. तीही सरळ टाक्याने शिवली तर दोरा तुटतो. ओव्हरलॉक किंवा झिगझॅग टाका हवा.

अंगभर पोशाख नाही म्हणून आपल्या मुली घरी बसतात. सैल सलवारीत पाय अडकतो, ती नकोच. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंतच्या अंगाबरोबर पोशाखात खेळल्या. नियमाला तो चालतो. टेलरबंधूंनी माप मात्र खांद्यापासून दोन्ही पायांमधून फिरवून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत घ्यावे. मुलींचे माप घरच्या बायकांनी घ्यावे.